जुन्या पद्धतीचे डोनट तेल का पितात आणि त्यांना तडे का पडत नाहीत

जुन्या पद्धतीच्या डोनटबद्दलच्या तक्रारी वरवर वेगवेगळ्या दिसतात. कुणाचा डोनट तेलात बुडवून काढल्यासारखा ओथंबतो, कुणाचा बाहेरून गडद आणि आत कच्चा राहतो, कुणाचा गुळगुळीत आणि जड होतो, तर कुणाचा तेलात पडल्या पडल्या हसतो आणि कढईभर चुरा होतो. अशा वेळी पहिला हात पाककृतीला लागतो. थोडा मैदा वाढतो, थोडी बेकिंग पावडर वाढते, एखादं अंडं जास्त पडतं आणि पुढची खेप आणखी बिघडते. दोष बहुधा तेलाच्या तापमानात असतो. तापमान नेमकं असूनही बिघडत असेल तर पिठातल्या ओलाव्याकडे पाहायचं. घटकांचं प्रमाण सगळ्यात शेवटी.

हा डोनट यीस्टचा नाही. तो बेकिंग पावडरवर फुगतो, त्याचं पीठ केकच्या जवळचं असतं आणि त्याची खरी ओळख म्हणजे कड्यावरचे खडबडीत, कुरकुरीत तडे. यीस्टचे डोनट साधारण १८० ते १९० अंश सेल्सिअसवर तळतात. हा त्याहून बराच खाली, १६० ते १६५ अंशांवर तळायचा असतो. एकाच्या सवयीनं दुसरा तळला की तो बिघडतो.

आधी एक प्रमाण पक्कं करा

पुढचं सगळं याच प्रमाणाला धरून आहे. तुमची पाककृती वेगळी असेल तर तिच्याशी ताडून पाहा.

मैदा २१५ ग्रॅम आणि कॉर्नफ्लोअर ४० ग्रॅम (किंवा केकचं तयार पीठ २५५ ग्रॅम), बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, मीठ पाऊण छोटा चमचा, जायफळ पूड अर्धा छोटा चमचा, साखर १०० ग्रॅम, मऊ लोणी ३० ग्रॅम, २ अंड्यांचे फक्त बलक आणि सावर क्रीम १६० ग्रॅम. सावर क्रीम नसेल तर दह्याचा घट्ट चक्का ११० ग्रॅम आणि फ्रेश क्रीम ५० ग्रॅम एकत्र फेटून घ्या.

साखर आणि लोणी चोळून ओल्या वाळूसारखं झालं की बलक घालून फिकट होईपर्यंत फेटा. मग कोरडे जिन्नस तीन वेळा आणि क्रीम दोन वेळा, आलटून पालटून घाला. कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवा. गोळा चिकटच असायला हवा. तो झाकून किमान १ तास फ्रिजमध्ये ठेवा, २४ तासही चालतो. सव्वा सेंटीमीटर जाड लाटून साडेसात सेंटीमीटरच्या साच्यानं कापा, मधलं भोक ३ सेंटीमीटरचं. साधारण ५५ ग्रॅमचा एक, असे आठ डोनट आणि मधल्या गोळ्या होतात.

तळताना: १६५ अंशांच्या तेलात सोडा, वर तरंगल्यावर १५ सेकंदांनी उलटा, ७५ ते ९० सेकंद तळा, पुन्हा उलटा आणि ६० ते ७५ सेकंदांनी काढा.

तडे पडतात कसे

डोनट तेलात पडतो तेव्हा खालची बाजू लगेच तापते आणि तिच्यावर पातळ कवच धरतं. १५ सेकंदांनी उलटल्यावर ही अर्धवट धरलेली बाजू वर येते. आता आतली वाफ आणि बेकिंग पावडरचा वायू पिठाला बाहेर ढकलू लागतात. वरचं कवच ताणलं जाऊ शकत नाही, म्हणून ते भोकाभोवती गोलाकार फाटतं आणि आतलं ओलं पीठ उघडं पडतं. दुसऱ्यांदा उलटल्यावर हे उघडं पीठ थेट तेलात तळलं जातं. कुरकुरीत कडा तिथून येतात.

म्हणजे कवच धरणं आणि आतून फुगणं यांची वेळ जुळावी लागते. तेल फार तापलेलं असेल तर कवच आधीच जाड आणि मजबूत होतं, फाटत नाही. तेल थंड असेल तर कवच वेळेत धरतच नाही, पीठ पसरतं आणि सगळीकडून तेल आत शिरतं. मधली जागा जेमतेम पाच-सहा अंशांची आहे. या डोनटसाठी थर्मामीटर नसेल तर आधी तो घ्या. पिठाचा तुकडा टाकून अंदाज बांधणं इतर तळणीला पुरतं, इथे पुरत नाही.

थर्मामीटर खरा आहे का, तेही एकदा पाहा. खळखळ उकळत्या पाण्यात तो समुद्रसपाटीजवळ १०० अंश दाखवायला हवा. जितकी उंची जास्त तितका हा आकडा कमी येतो, दर ३०० मीटरला साधारण १ अंशानं. ४ अंशांची चूक असेल तर ती लक्षात ठेवून तळा. तळताना त्याचं टोक कढईच्या बुडाला टेकू देऊ नका, कारण बुडाशी तेल नेहमीच जास्त तापलेलं असतं. आकडा वाचण्याआधी झाऱ्यानं तेल एकदा हलवून घ्या.

डोनट तेलकट होतो

तळताना डोनटमधून वाफ जोरात बाहेर पडत असते आणि ती तेलाला आत येऊ देत नाही. तेल मोठ्या प्रमाणात आत जातं ते डोनट बाहेर काढल्यानंतर. वाफ निवते, आतला दाब कमी होतो आणि पृष्ठभागावर राहिलेलं तेल छिद्रांतून आत ओढलं जातं. म्हणून बाहेर काढल्यानंतरचं पहिलं मिनिट फार महत्त्वाचं.

झारा कढईच्या वर तिरका धरा आणि डोनटच्या खालच्या कडेकडे पाहा. सुरुवातीला तेलाची धार असते, मग मोठे थेंब, मग एका जागी एक थेंब जमून लोंबत राहतो. झारा हलकेच झटकून तो थेंब पाडा. एवढ्याला साधारण १० सेकंद लागतात. मग डोनट तारेच्या जाळीवर ठेवा आणि लगेच कागदानं दोन्ही बाजूंनी हलकं टिपून घ्या, तड्यांच्या खाचांतही. कागदावर आडवा ठेवून दिलेला डोनट त्याच कागदातलं तेल खालून परत पितो आणि वाफ अडकल्यामुळे मऊही पडतो. ढीग तर कधीच घालू नका.

एवढं करूनही तेलकट राहत असेल तर तापमान तपासा. बहुतेक घरांत तेल आधी बरोबर तापलेलं असतं, पण डोनट सोडल्यावर ते किती खाली गेलं हे कुणी बघत नाही. गार पिठाचे तीन डोनट एकदम पडले की तेल सहज १० ते १५ अंशांनी उतरतं. म्हणून तीन डोनट एकदम सोडायचे असतील तर सुरुवात १६५ऐवजी १७० अंशांवर करा, म्हणजे ते १६०च्या आसपास येऊन थांबेल. आच डोनट सोडतानाच वाढवा, आकडा खाली गेल्यावर नाही. मिनिटभरात तेल पुन्हा १६५ला आलं पाहिजे. तसं येत नसेल तर भांड्याला ओझं जास्त झालंय.

भांड्याचा हिशेब असा. २४ सेंटीमीटर व्यासाच्या, सरळ भिंतींच्या, जाड बुडाच्या पातेल्यात ५ सेंटीमीटर खोलीसाठी सव्वादोन लिटर तेल लागतं आणि त्यात तीन डोनट मोकळे तरंगतात. २० सेंटीमीटरच्या पातेल्यात दीड लिटर तेल आणि एका वेळी दोनच डोनट. तळून डोनट रुंद होतो, त्याला जागा ठेवा. तेल भांड्याच्या निम्म्या उंचीवर जाऊ देऊ नका. झाकण हाताशी असू द्या: तेलानं पेट घेतलाच तर आच बंद करून झाकण घालायचं, पाणी कधीही नाही.

तापमानही जागेवर असेल, तर तेलाची अवस्था बघा. पुन्हा पुन्हा तापलेल्या तेलात असे पदार्थ तयार होतात की ते पिठाला जास्त चिकटून राहतं आणि जास्त शोषलं जातं. तेल काळपट झालं, बारीक फेस धरून ठेवू लागलं, किंवा १७० अंशांनाच धूर सोडू लागलं, तर ते टाकून द्यायच्या लायकीचं आहे. याच्या उलट, अगदी कोऱ्या तेलातली पहिली खेप फिकट येते. तेव्हा आच वाढवायचा मोह टाळा. दुसऱ्या खेपेपासून रंग येतो.

यानंतर पिठाकडे वळा. साखर आणि लोणी दोन्ही तेल पिण्याचं प्रमाण वाढवतात. साखरेमुळे पिठाचा सांगाडा उशिरा धरतो, त्यामुळे साखर १००वरून १५० ग्रॅम केली तर डोनट तेलकट आणि ठिसूळ होणारच. गोडवा हवा असेल तर तो वरच्या ग्लेझमध्ये, म्हणजे साखरेच्या पातळ लेपात ठेवा. बेकिंग पावडर जास्त झाली की आत मोठी छिद्रं पडतात आणि तीही तेलानं भरतात. पीठ फारच कमी कालवलं तरी असंच होतं, कारण ते धरून ठेवायला पुरेसं ग्लुटेन, म्हणजे मैद्यातलं ताणलं जाणारं चिवट प्रथिन, तयार होत नाही. बलक इथे कामाचे असतात: त्यांच्यातलं लेसिथिन पिठातलं पाणी आणि स्निग्धांश एकजीव ठेवतं. बिनअंड्याच्या पिठात ही मदत नसते, म्हणून त्याला साखर आणि लोणी हात राखूनच घाला.

बदलाचा उपयोग झाला की नाही हे जिभेवर सोडू नका. तळण्याआधी तेल भांड्यासकट वजन करा, सगळं निवल्यावर पुन्हा करा आणि फरकाला डोनटच्या संख्येनं भागा. टिपलेल्या कागदातलं तेल यात धरलं जाईल, पण प्रत्येक वेळी त्याच पद्धतीनं केलं तर दोन खेपांची तुलना चोख होते. एका वेळी एकच गोष्ट बदला.

तडे पडत नाहीत

इथे पहिला संशय जास्त तापलेल्या तेलावर घ्या. रंग दोन मिनिटांच्या आतच गडद आला असेल तर तेच कारण.

दुसरा संशय उलटण्याच्या वेळेवर. तरंगल्यावर ४०-५० सेकंद वाट पाहिली तर पहिली बाजू कडक होऊन जाते आणि वर आल्यावर फाटत नाही. तरंगता क्षणीच उलटला तर कवच धरलेलंच नसतं आणि पीठ फाटण्याऐवजी पसरतं. १५ सेकंद म्हणजे खरोखर १५ सेकंद. तीन डोनट असतील तर ज्या क्रमानं सोडले त्याच क्रमानं उलटा.

तिसरं कारण म्हणजे जास्त मळलेलं पीठ. ग्लुटेन वाढलं की पीठ रबरासारखं ताणलं जातं, फुग्याप्रमाणे सगळीकडून सारखं वाढतं आणि डोनट गुळगुळीत, चिवट होतो. उरलेल्या कापांचा गोळा करून पुन्हा लाटलेले डोनट नेहमी असेच निघतात. ते काप न मळता नुसते शेजारी शेजारी दाबून जोडा, फ्रिजमध्ये २० मिनिटं ठेवा आणि एकदाच लाटा. त्यातून सुबक डोनट मिळणार नाहीत, खायला मात्र चांगले होतील.

बेकिंग पावडर मेलेली आहे का, हे पाहायला अर्धा छोटा चमचा पावडर पाव कप गरम पाण्यात टाका. जोरात फसफसली पाहिजे. पिठात ताक आणि खायचा सोडा असेल तर आणखी एक भानगड आहे: सोडा ताकातल्या आंबटपणाशी भिडताच वायू सोडायला लागतो आणि रात्रभर ठेवलेल्या गोळ्यातून तो बराचसा निघून जातो. डबल अॅक्टिंग बेकिंग पावडर काही वायू उष्णतेसाठी राखून ठेवते. ज्याला आदल्या दिवशी पीठ करून ठेवायचं आहे त्यानं सोड्यावर भिस्त ठेवू नये. सोडा थोडा जरी जास्त झाला तरी डोनट भराभर काळपट होतो आणि साबणासारखी चव येते. एका कप ताकाला अर्धा छोटा चमचा पुरतो.

बाहेरून झालेला, आत कच्चा

मधून तोडल्यावर मध्यभागी चकचकीत, चिकट पट्टा दिसतो आणि बोटानं दाबला की त्याची गोळी होते. हे तेल नाही, कच्चं पीठ आहे. दोन्हींत गल्लत होते आणि मग उपाय उलटा केला जातो. तेल मुरलेलं असेल तर कवचाच्या लगत आतल्या बाजूला पारदर्शक, पिवळसर कडा दिसते, मधला भाग शिजलेला असतो.

कच्चेपणाची कारणं मोजकी: तेल १७५च्या वर, जाडी दीड सेंटीमीटरच्या पुढे, भोक लहान, किंवा पीठ थेट फ्रिजमधून तेलात. भोक तळताना आक्रसतं, म्हणून ३ सेंटीमीटरपेक्षा छोटं ठेवू नका. कापलेले डोनट तेल तापेपर्यंत १०-१५ मिनिटं बाहेर ठेवा. त्या वेळात पृष्ठभाग किंचित सुकतो, त्याचा तड्यांनाही फायदा होतो. शंका असेल तर टोकदार थर्मामीटर आडवा खुपसा, आत ९५ अंशांच्या आसपास आकडा आला की डोनट झाला.

उंचावर राहणाऱ्यांनी आणखी एक बघायचं. तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं, त्यामुळे कवच आधी रंगतं आणि आतलं मागे राहतं. दर ३०० मीटर उंचीला तेलाचं तापमान साधारण दीड अंशानं खाली आणा.

तेलात हसतो किंवा तळाशी बसून राहतो

हसतो तेव्हा पिठात स्निग्धांश किंवा ओलावा जास्त असतो, किंवा सगळं धरून ठेवणारं पीठ कमी. चमच्या-कपांनी मापलेल्या मैद्यात मोठा फरक पडतो, तेव्हा वजनकाटा वापरा. बलक फार मोठे असतील, चक्का पाणी सुटलेला असेल किंवा लोणी वितळवून घातलं असेल तरी असंच होतं. पूर्ण खेप वाया घालवण्याआधी एकच डोनट तळून बघा. तो हसला तर उरलेल्या गोळ्यात १५ ग्रॅम मैदा हलक्या हातानं मिसळा, अर्धा तास गार करा आणि पुन्हा एकच तळा.

डोनट सोडल्यावर बुडतो आणि काही सेकंदांत वर येतो, हे बरोबर आहे. १० सेकंदांनंतरही तळाशी असेल तर तेल थंड आहे किंवा पावडर निकामी. तो बुडाला चिकटू नये म्हणून झाऱ्यानं अलगद हलवा.

पीठ हाताला चिकटतं

चिकटणारच. त्यात मैदा मिसळून ते आटोक्यात आणायचा प्रयत्न कोरड्या, घट्ट डोनटवर संपतो. नीट गार करा आणि बटर पेपरच्या दोन तुकड्यांमध्ये लाटा. साचा दर वेळी मैद्यात बुडवा, सरळ खाली दाबा आणि फिरवू नका, फिरवल्यानं कडा मिटतात. वरचा सुटा मैदा कोरड्या ब्रशनं झटकायलाच हवा. तो तेलात पडून तळाशी जळतो आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेपासून डोनटवर काळे ठिपके आणि कडवटपणा येतो. डोनट उचलताना वाकडा होत असेल तर बटर पेपरचा चौकोनी तुकडा त्याच्याखालीच राहू द्या, दोन्ही एकत्र तेलात सोडा आणि कागद सुटला की चिमट्यानं काढून घ्या.

ग्लेझ घसरतं किंवा पाझरतं

३५० ग्रॅम आयसिंग शुगर, ८० मिलिलिटर गरम पाणी, दीड छोटा चमचा लिक्विड ग्लुकोज, चिमूटभर मीठ, अर्धा छोटा चमचा व्हॅनिला. डोनट तळून काही मिनिटं झालेली असावीत, हाताला सोसवेल इतका गरम. तड्यांची बाजू खाली करून बुडवा, उचला, जास्तीचं ओघळू द्या आणि जाळीवर २० मिनिटं हलवू नका. थंड डोनटवर ग्लेझ जाड थर धरतं, कढत डोनटवर पाण्यासारखं पळून जातं. दोन्ही नसूनही घसरत असेल तर पृष्ठभागावर तेल आहे आणि दोष टिपण्यात आहे.

पूर्ण निवण्याआधी डब्यात बंद केले की अडकलेली वाफ साखर विरघळवते आणि डोनट ओले चिकट होतात. त्याच दिवशी खायचे असतील तर नुसतं सैल झाकण पुरे. दुसऱ्या दिवशी बिनग्लेझचे डोनट १५० अंशांच्या ओव्हनमध्ये ५ मिनिटं ठेवले की कडा पुन्हा कुरकुरीत होतात. एका वेळी आठ नको असतील तर कापलेले कच्चे डोनट ताटात सुटे गोठवून मग पिशवीत भरा. तळायच्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये काढून ठेवा आणि तळण्याआधीची बाहेरची १५ मिनिटं त्यांनाही द्या.